डावीकडचं कार्ड

सावकाशराव हे नाव त्यांना डेपोने दिलेलं होतं. एकोणतीस वर्षं बस चालवल्यावर खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं उरलं होतं. गाडी सुटायची वेळ होऊन गेली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, प्रवासी कुरकुरायला लागले, तरी हे गृहस्थ आधी बसभोवती एक पूर्ण फेरी मारणार, प्रत्येक चाकाला बुटाने ठोकून बघणार, आरसे पुसणार आणि मगच वर चढणार. कुणी घाई केली की म्हणणार, "सावकाश, सावकाश. पोचायचंय ना?" एकोणतीस वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. ही गोष्ट ते आपण होऊन सांगत नसत, पण दुसरा कुणी सांगायला लागला तर त्याला थांबवतही नसत.

अशा माणसाला महिनाभर घरी बसवलं, म्हणजे त्याचं काय झालं असेल बघा. निमित्त झालं डोळ्यांच्या तपासणीचं. भिंतीवरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली, वर तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि बाजूला कुठे दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. ते बटण, सावकाशरावांच्या मते, अडकत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "तुमचं डाव्या बाजूचं दिसणं कमी झालेलं वाटतंय. थेंब लिहून देते. महिन्याने पुन्हा तपासू. तोवर गाडी चालवायची नाही."

महिना भरत होता एका गुरुवारी. त्या दिवशी पास झाले तर पुन्हा स्टिअरिंगवर. नाही तर हरवलेल्या सामानाच्या खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची. लोकांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे आणि एकेकटे बूट सांभाळत उरलेली नोकरी संपवायची. त्या खोलीला खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडायची. 

"मला दिसत नाही म्हणे," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "मला!"

बायको इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी तपासायच्या कामाला होती. दिवसाला तीन-चारशे चादरी तिच्या नजरेखालून जायच्या आणि डाग, भोक, उसवलेली शिवण यातलं काहीही तिच्या तावडीतून सुटायचं नाही. बटणाची हकीकत ऐकून ती म्हणाली, "बटण अडकत होतं तर तिथंच सांगायचं होतं."

"सांगितलं की."

"मग?"

"त्या म्हणाल्या, नाही अडकत."

बायकोने थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात ठेवली आणि दोन्ही वेळा न चुकता त्यांच्या डोळ्यांत घालायला लागली.

घरात भाचीचा कॉम्प्युटर होता. ती नोकरीसाठी लांब गेली तेव्हा तो मामाकडे ठेवून गेली होती. साधासुधा नव्हता तो. खास खेळ खेळण्यासाठी बांधून घेतलेला, तीन स्क्रीनचा, सोबत स्टिअरिंग आणि पायाशी पेडल. दोन वर्षं त्याच्यावर चादर घातलेली होती. घरी बसून आठवडा झाला आणि सावकाशरावांनी चादर काढली. भाचीने फोनवरून सांगितलं तसं एकेक बटण दाबत गेले, आणि समोर चक्क बस उभी राहिली. आत शिरायला दार, वर टांगलेली कडी, मधल्या स्क्रीनवर समोरची काच, डाव्या-उजव्या स्क्रीनवर बाजूच्या काचा आणि आरसे. स्टिअरिंग अगदीच हलकं, खेळण्यातलं. पण थांबा आला की लोक चढत होते, दार बंद करायचं बटण होतं. सावकाशरावांनी सवयीने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि खुर्चीत बसले. गुरुवारपर्यंत हात बसलेला राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरा सायकलस्वार उडवले.

हसू नका, त्यांना रडायची पाळी आली होती. रस्ता मोकळा दिसायचा, गाडी बेताच्या वेगात असायची आणि एकदम धाड करून आवाज यायचा. खेळ थांबायचा, लाल अक्षरांत चूक झळकायची आणि डाव्या बाजूला सायकल आडवी पडलेली असायची. आली कुठून ती? मान वळवून डाव्या स्क्रीनकडे बघावं तर तिथे सगळं चोख: झाडं, फुटपाथ, दुकानांच्या पाट्या. पुन्हा समोर बघून गाडी काढावी तर दहा मिनिटांत पुन्हा धाड.

त्यांनी भाचीला फोन लावला. "अगं, तुझ्या डाव्या स्क्रीनवर चित्र उशिरा येतंय."

"अडखळतंय का, मामा?"

"अडखळत नाही. उशिरा येतं. माणूस अंगावर आला की मग उगवतो."

भाची जरा विचार करून म्हणाली, "तीन-तीन स्क्रीन एकटं जुनं कार्ड ओढतंय, त्याचा जीव जात असणार. आत ग्राफिक्स कार्ड असतं मामा, चित्रं काढायचं काम त्याचं. एक तर ते काढून टाक आणि एकच नवं, मोठं घे. नाही तर शेजारची खाच रिकामी आहे, तिथे दुसरं लाव. दोघं मिळून ओढतील. पण माझं ऐकशील तर एकच घे. जोडीत फार कटकटी असतात."

सावकाशरावांनी यातलं सगळं ऐकलं, शेवटची दोन वाक्यं सोडून.

कार्डांचं दुकान होतं एका इमारतीच्या तळघरात, सहा पायऱ्या खाली उतरून. दुकान चालवणारी तिशीची मुलगी होती. कानामागे बारीक स्क्रूड्रायव्हर, कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्या आणि बोलणं भरभर. सावकाशरावांनी मनातल्या मनात तिचं नाव कार्डवाली ठेवलं. भिंतीवर छतापर्यंत खोकी रचलेली होती आणि प्रत्येक खोक्यावर कुणी ना कुणी खवळलेलं होतं. कुठे राक्षस, कुठे चिलखत घातलेली बाई, कुठे नुसतेच पेटलेले डोळे. बसच्या खेळाला हे कशाला लागतात, ते त्यांना कळेना.

"हे नव्वदवालं त्या साठवाल्यापेक्षा भारी असेल ना?" आकडा वाचता येतोय म्हटल्यावर त्यांना जरा धीर आला होता.

"तसं नसतं काका. पुढचा आकडा म्हणजे पिढी, मागचा म्हणजे ताकद. नव्या पिढीतलं धाकटं कधीकधी जुन्या पिढीतल्या थोरल्याला मागे टाकतं."

सावकाशरावांचा एक चुलता त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होता, त्यामुळे एवढं तरी त्यांना समजलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. पुढचं मात्र डोक्यावरून जायला लागलं. एकाला दोन पंखे, दुसऱ्याला तीन. पण तीनवालं जास्त गार राहतं असंही नाही. एकाला जास्त वीज लागते, आणि ते घेतलं तर वीज पुरवणारा डबाही बदलावा लागेल. एकात मेमरी चार, एकात आठ.

"मग चारची दोन घेतली की झाले आठ," सावकाशराव म्हणाले.

"नाही. चारच."

"चार आणि चार, चार?"

"दोघांनाही तेच चित्र लक्षात ठेवावं लागतं ना काका. दोन माणसांनी एकच पत्ता पाठ केला, म्हणून पत्ते दोन होतात का?"

सावकाशरावांनी वही मिटली, सहा पायऱ्या चढून वर गेले, इमारतीला एक फेरी मारली आणि पुन्हा खाली आले. एवढ्यात त्यांना त्यांच्या ओळखीचं काहीतरी सापडलं होतं. बसच्या मागच्या आसाला दोन्हीकडे टायरची जोडी असते. डेपोतल्या टायरवाल्याने त्यांना पहिल्याच वर्षी कान धरून शिकवलं होतं की झिजलेल्या टायरशेजारी नवं टायर कधी बसवायचं नाही. नवं असतं ते उंच राहतं, सगळं वजन एकटंच घेतं आणि फुटतं. जोडी लावायची तर सारख्याच झिजेची. हे एकदा आठवल्यावर त्यांना वाटलं, आता या पोरीने काय वाट्टेल ते आकडे सांगू देत.

त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळून आणलेलं भाचीचं कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "याच्याइतकंच चाललेलं दुसरं दाखव."

"नवीन दाखवू का? यापेक्षा पुष्कळ—"

"नवीन नको. झिजलेलं दाखव."

आजवर तिच्याकडे लोक घासाघीस करायला आले होते, भांडायला आले होते, पण झिजलेलं मागायला कुणी आलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, कार्ड झिजत नसतं."

"पंखा झिजतो?"

"पंखा झिजतो."

"झालं तर मग!"

गंमत अशी, की कार्डवालीकडे त्याच मॉडेलचं वापरलेलं कार्ड खरंच पडून होतं आणि जोडीला नेमकं तसंच लागतं. चुकीच्या वाटेने माणूस बरोबर दारात येऊन उभा राहिला. सावकाशरावांनी दोन्ही कार्डं टेपने मोजली, दोन्हींचे पंखे बोटाने फिरवले आणि कानाशी धरून ऐकले. नव्याचा, म्हणजे दुकानातल्या जुन्याचा, आवाज किंचित खरखरीत होता, पण चालण्यासारखा. तिने दोन्हींना जोडणारी छोटी पट्टीही दिली आणि कसं बसवायचं ते दाखवलं.

"यातलं डावीकडचं चित्र कुठलं काढणार?" त्यांनी जाता जाता विचारलं.

पण तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. कार्डवाली म्हणाली, "आधी लावून तर बघा, काका."

घरी येऊन त्यांनी दोन्ही कार्डांच्या कडेला पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. एकावर 'डा', दुसऱ्यावर 'उ'. टायर उतरवताना करतात तशाच. सोमवारी दुपारी जोडी बसली. खेळ सुरू झाला आणि काय सांगावं, रस्ता नुसता वाहत होता! झाडाचं पान न् पान दिसत होतं. सावकाशरावांनी दोन थांबे घेतले, तिसऱ्यावर एका म्हाताऱ्याला चढायला वेळ दिला, आरशात बघितलं, वळण घेतलं. धाड.

मंगळवारी ते कार्डवालीपुढे हजर. "तुझं डावं कार्ड कामचुकार आहे."

"काय करतं?"

"मी डावीकडे बघितलं की सगळं नीट काढतं. नजर समोर केली की झोपतं. डेपोत होता असा एक क्लीनर, साहेब समोर असला तरच फडकं फिरवायचा. त्यातलीच जात आहे ही."

कार्डवाली हसली, पण त्यांचा चेहरा बघून थांबली. तिने स्टूल ओढून त्यांना बसायला दिलं. "काका, एक तर डावं कार्ड असं काही नसतंच. एक चित्र हे काढतं, त्याच्या पुढचं चित्र ते काढतं. पुन्हा हे, पुन्हा ते. सेकंदाला कितीतरी वेळा. आणि प्रत्येक चित्र पूर्ण असतं, डावीकडून उजवीकडे. एखादं कार्ड झोपलं तर सगळंच अडखळेल, नुसती डावी बाजू नाही."

"मग समोर बघितलं की का जातं?"

"तेच मला कळत नाहीये. तुम्ही कुठं बघताय हे कार्डाला कसं कळणार?"

असल्या प्रश्नांचा सावकाशरावांना राग यायचा. त्यांनी कार्डं तिच्यासमोर टाकली. तिने ती तिच्या टेबलावर लावून अर्धा तास पळवून दाखवली. दोन्ही ठणठणीत. सावकाशराव कार्डं पुन्हा टॉवेलात गुंडाळून निघाले, तेव्हा त्यांना काही म्हणजे काही समजत नव्हतं. भाची एक सांगते, ही एक सांगते, डॉक्टरीणबाई तिसरंच सांगतात. अख्ख्या जगात फक्त तेच एकटे नीट बघत होते आणि गाड्या मात्र त्यांच्याच आदळत होत्या.

बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी तपासणी. सकाळी बायको कामाला गेली आणि सावकाशरावांनी बाह्या सरसावल्या. डेपोचा एक साधा नियम होता. गाडी डावीकडे ओढत असेल तर पुढची टायरं अदलून-बदलून बघायची. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. ओढ डावीकडेच राहिली तर टायरला बोल लावायचा नाही, पुढची वस्तू बदलायची. अशी एकेक वस्तू सोडवत जायची, की शेवटी चोर सापडतोच.

त्यांनी 'डा' काढून 'उ'च्या खाचेत बसवलं आणि 'उ' 'डा'च्या. गाडी काढली. धाड, डावीकडे. म्हणजे कार्डं सुटली; त्यांनी मनातल्या मनात कार्डवालीची माफी मागितली. मग डावा स्क्रीन उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. धाड, डावीकडेच. स्क्रीनही सुटले. मग वायरी बदलल्या. मग कॉम्प्युटर भिंतीपासून ओढून दुसऱ्या प्लगला लावला, कारण काय करावं हेच आता सुचत नव्हतं. तरी डावीकडेच. शेवटी शेवटी तर त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, उजेड डावीकडून येतो म्हणून.

दुपारी बायको परतली तेव्हा खोलीभर वायरी पसरल्या होत्या आणि सावकाशराव खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. तिने पर्स ठेवली. "अहो, जेवलात का?"

"सगळं बदलून बघितलं," ते म्हणाले. "कार्डं, स्क्रीन, वायरी. एकूण एक."

"मग? सापडलं?"

नियम त्यांना पाठ होता. बदलायची एकच वस्तू राहिली होती आणि ती खुर्चीत बसली होती. हे त्यांना केव्हाचं कळलं होतं, बहुतेक स्क्रीन बदलले तेव्हाच, आणि तेव्हापासून ते वायरींशी खेळत वेळ काढत होते. त्यांना भीती वाटत होती. ती कुणाजवळ बोलायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

ते उठले. "तू बस."

"मी? मला कुठं येतं?"

"बस म्हणतो ना. हे पुढे जायचं, हा ब्रेक. सावकाश चालव."

बायको हसत हसत बसली. पाय पेडलला पोचेनात, म्हणून खुर्ची पुढे घेतली. गाडी गोगलगाईच्या चालीने निघाली, एकदा फुटपाथला घासली, दुसऱ्या थांब्यावर दार उघडायचंच राहिलं आणि आतले प्रवासी ओरडायला लागले, तेव्हा ती घाबरून "थांबा हो, थांबा, उघडते" म्हणाली. सावकाशराव खुर्चीच्या पाठीशी उभे होते, दोन्ही हात खुर्चीवर, नजर मधल्या स्क्रीनवर. रस्ता मोकळा होता, अगदी लांबपर्यंत. सिग्नल हिरवा होता. तरी मध्येच तिने ब्रेक दाबला.

"काय झालं? का थांबलीस?"

"ती येतेय ना सायकलवरून."

"कोण?"

"अहो, ती काय, लाल टोपीवाली. गल्लीतून निघाल्यापासून बघतेय मी तिला. तुम्हाला दिसत नाही?"

सावकाशराव समोर बघत राहिले. समोर रस्ता होता, हिरवा दिवा होता, आणि कुणीही नव्हतं. मग त्यांनी सावकाश मान डावीकडे वळवली. लाल टोपी घातलेली एक बाई आरामात पेडल मारत बससमोर येत होती. मागे कॅरिअरला तिने भाजीची पिशवीही बांधली होती.

हा खेळ होता. पण त्याआधी किती दिवस तो खेळ नव्हता? बसचं दार डावीकडे होतं. लोक डावीकडूनच उतरत, उतरल्यावर चाकाशेजारून चालत जात, शाळेची मुलं तर चाकाला हात लावून पळत. ती सगळी माणसं आपापल्या घरी पोचली होती. आपल्याला ती दिसत होती म्हणून पोचली, असं आजवर ते धरून चालले होते. त्यातली किती नुसत्या नशिबाने पोचली, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

टेबलाखाली दोन्ही कार्डांचे पंखे एका सुरात घुमत होते. बायकोने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. दिवसभर चादरींवर फिरणारी ती नजर त्यांच्या चेहऱ्यावरून एकदाच फिरली. ब्रेकवरचा पाय तिने काढला नाही.

"उद्या सुट्टी मिळेल का तुला?" सावकाशराव म्हणाले.

"मिळेल. का?"

"माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आणि रस्त्याने माझ्या डाव्या हाताला चाल."